जाऊबाईंच्या नाकावर टिच्चून

३ जून, सोमवार

आज कॉलेजचा पहिला दिवस. वर्गात शिरले तर अडतीस मुली ताडकन उभ्या राहिल्या. मी मागे वळून पाहिलं, मागे कुणीच नव्हतं. तोंडातून आपसूक निघून गेलं, "बसा, बसा." बसल्या. मग मी जाऊन शेवटच्या बाकावर टेकले, तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. शेजारची एक बारकी मुलगी इतकी हसली की तिला उचकीच लागली. मी तिची पाठ चोळून दिली. अठरा वर्षांची आहे, अंगावर पाव किलो मांस नाही. मी तिचं नाव चिमणी ठेवलं. माझं नाव वर्गाने मला न विचारता ठेवलं : काकू. एकोणचाळिसाव्या वर्षी शाळेत बसल्यावर दुसरं काय होणार?

शिकवणाऱ्या बाई उंच नि काटकुळ्या. रागावल्या की लाली मानेपासून कपाळापर्यंत चढत जाते, म्हणून मुलींनी त्यांना थर्मामीटर करून टाकलंय. त्यांनी प्रत्येकीला एक वही दिली. "नर्सिंगला का आलात ते पहिल्या पानावर लिहा. पुढे जमेल तसं लिहीत राहा. मी वाचणार नाही, पण सहा महिन्यांनी तोंडी विचारणार आहे." त्या सहा महिन्यांत एक लेखी परीक्षा, माणसांना दिलेली तीन इंजेक्शनं, तीन आठवडे वॉर्ड आणि शेवटी ती तोंडी. एकात जरी घसरलं तरी घरचा रस्ता.

चिमणीने लिहिलं, "रुग्णसेवा हीच ईश्वरसेवा." मी म्हटलं, खरं कारण काय गं? म्हणाली, "घरात आम्ही पाच बहिणी. हॉस्टेलला स्वतःची खाट मिळते."

वाचणार नाहीत म्हणतायत तर मीही खरं लिहिते. मी जाऊबाईंमुळे आले.

जाऊबाई म्हणजे माझ्या मोठ्या दिरांची बायको. याच हॉस्पिटलात सव्वीस वर्षं सिस्टर आहेत, सर्जिकल वॉर्ड त्यांच्या हाताखाली आहे. यंदा मार्चमध्ये दीर निवृत्त झाले त्या समारंभात त्यांच्या साहेबांनी मला विचारलं, "आणि आपण काय करता?" मी तोंड उघडणार तोच जाऊबाई बोलल्या, "ती घरीच असते."

घरी असते नाही. घरी*च* असते. त्या एका 'च'पायी मला तीन रात्री झोप नाही. सासूबाई चार वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. त्यांचं खाणंपिणं, न्हाणं, कूस बदलणं सगळं मी केलं. जाऊबाई महिन्यातून एकदा यायच्या, सासूबाईंना कुशीवर वळवून पाठ बघायच्या, पडून राहून होते तशी एकही जखम सापडायची नाही, मग "हं" करून निघून जायच्या. चार वर्षांत चार शब्द नाहीत, नुसतं हं. आणि वर 'घरीच'!

नंतर आठच दिवसांत त्यांनी हा फॉर्म पाठवला. वर चिठ्ठी : "यंदा वयाची अट काढली आहे. अभ्यास जड असतो. तुला झेपणार नाही." त्याच संध्याकाळी मी फॉर्म भरला.

२० जून, गुरुवार

आज मी पडले.

रबरी हातावर सुई टोचणं मला उत्तम जमत होतं. बाईंनी माझा हात बाकीच्यांना दाखवलासुद्धा. मग त्या आम्हाला बाह्यरुग्ण विभागात खऱ्या इंजेक्शनाला घेऊन गेल्या. एका धिप्पाड ट्रकवाल्याच्या दंडाजवळ सुई गेली आणि मला वाटलं, दिवे बारीक का केले? डोळे उघडले तर मी जमिनीवर, आणि तो ट्रकवाला स्वतःच्या टोपीने मला वारा घालतोय. "मावशी, दुखलं नाही हो मला," म्हणत होता बिचारा.

बाईंचा पारा कपाळापर्यंत. "सुईचीच भीती असेल तर नर्स कशाला व्हायचंय?"

जाऊबाईंचं नाव ओठांवर आलं होतं. गिळलं.

घरी सांगितल्यावर मुलगी पोट धरून हसली. हे हसले नाहीत. यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे, माणूस दिवसभर भिंग लावून बसतो, त्यामुळे याला सगळंच मोठं दिसतं. "लागलं कुठे? डोकं दाखव." डोकं दाखवलं. टेंगूळ होतं.

२३ जून, रविवार

बातमीला पाय फुटतात म्हणतात, इथे चाकं फुटली. आज दीर एक पुडकं देऊन गेले. आत जाऊबाईंचे जुने बूट! पांढरे, सपाट टाचेचे, वापरलेले. सोबत चिठ्ठी : "उभ्याने पडतात त्या बहुतेक उपाशी असतात. सकाळी खाऊन जात जा. तुझ्या त्या चपलांत आठ तास निघणार नाहीत."

म्हणजे माझ्या चपलासुद्धा काढल्या! वापरलेले बूट पाठवायचे, म्हणजे आम्ही काय रस्त्यावर पडलोय? पुडकं तसंच परत करणार होते. पण टाचेला फोड आलाय म्हणून दोन दिवस घालते. माझ्याच मापाचे निघाले. त्यांचे पाय माझ्यापेक्षा मोठे आहेत असं इतकी वर्षं वाटत होतं.

सकाळी खाऊन जायला लागलेय. ते त्यांनी सांगितलं म्हणून नाही.

१३ जुलै, शनिवार

औषधांच्या गणितांची चाचणी. चाळीसपैकी अकरा.

अकरा. एवढे तर नाव नीट लिहिलं म्हणून मिळाले असतील. एका गणितात मी रोग्याला दिवसाला नऊशे गोळ्या दिल्या. बाईंनी शेजारी लाल शाईत लिहिलंय, "जेवण कधी करेल?"

ऑगस्टमध्ये लेखी आहे. त्यात हेच झालं तर संपलं. मुलगी शिकवते, पण दोन मिनिटांत "अगं आई, सोप्पं तर आहे!" म्हणून वैतागते. लहानपणी तिला पाढे शिकवताना मी हेच म्हणायचे, त्याचे भोग.

२१ जुलै, रविवार

जाऊबाई स्वतःहून घरी आल्या. सणवार नाही, वाढदिवस नाही, उगाच. मी चहा टाकायला आत गेले, तर बाहेर माझ्या मुलीला मोठ्याने विचारतात, "पाचशे मिली सलाईन, चार तासांत संपवायचं. एका मिलीचे वीस थेंब. मिनिटाला किती थेंब पडले पाहिजेत?"

मुलगी म्हणाली, "थांबा, आईला विचारते."

"आईला नको विचारू. तिला नाही यायचं."

मी गाळणं खाली ठेवलं. पाचशे गुणिले वीस, दहा हजार. चार तासांची मिनिटं दोनशे चाळीस. "बेचाळीस!" मी आतून ओरडले. "जवळजवळ बेचाळीस!"

मग बाहेरून मुलीलाच, "साडेसातशे मिलिग्रॅम द्यायचंय, गोळी अडीचशेची आहे."

"तीन!"

असं बराच वेळ चाललं. चहा उतू गेला, दुसरा टाकला, तोही उतू गेला. दहांतली आठ बरोबर आली. चुकलेली दोन जाऊबाईंनी मुलीला कागदावर सोडवून दाखवली, तीही दार उघडं ठेवून, आतपर्यंत ऐकू येईल अशा आवाजात. जाताना म्हणाल्या, "पुढच्या रविवारीही मला इकडे काम आहे."

कसलं काम? माझं हसं करायचं, दुसरं काय! मी आठवडाभर पाठ करून ठेवणार आहे. येऊच देत.

११ ऑगस्ट, रविवार

जाऊबाई सलग चौथ्या रविवारी हजर. आता मी चहा आधीच करून ठेवते, म्हणजे मध्ये व्यत्यय नको. आज दहांतली दहा. त्या म्हणाल्या, "हं." मी पण म्हटलं, "हं."

यांनी पेपरातून मान वर काढून विचारलं, "तुम्हा दोघींना एका खोलीत बसायला काय होतं?"

आम्ही दोघी एकदम म्हणालो, "काही नाही."

२३ ऑगस्ट, शुक्रवार

लेखीचा निकाल : गणितांत चाळीसपैकी चौतीस. चिमणीला एकोणतीस. ती म्हणाली, "काकू, तुमची शिकवणी कुठे आहे, मला पण लावा." मी म्हटलं, शिकवणीबिकवणी काही नाही, आमच्याकडे नातेवाईक छळायला येतात.

६ ऑक्टोबर, रविवार

आता इंजेक्शनं. या महिन्यातच तीन द्यायची आहेत, आणि माझा हात अजून कापतो. संत्र्याला टोचताना कापत नाही. चिमणी नुसती "द्या काकू" म्हणून बाही वर करते, तरी कापतो.

आज दुपारी रागारागाने वही मिटली आणि यांना म्हटलं, "सोडते मी. उद्या अर्ज देते." हे भिंग डोळ्याला लावून एका बायकी घड्याळात डोकं घालून बसले होते. म्हणाले, "सोड. पण आधी हा स्क्रू बसवून दे."

स्क्रू म्हणजे मोहरीच्या दाण्याचा नातू. चिमट्यात धरला तर चिमटाच नाचायला लागला.

"श्वास घेताना हात उचलला जातो," हे म्हणाले. "सगळा श्वास सोड. सोडलास की मध्ये थोडा वेळ अंग गप्प असतं. तेवढ्यात ठेव."

तीनदा स्क्रू उडाला, एकदा तो माझ्या केसांत सापडला. चौथ्यांदा बसला. वीस वर्षांत या माणसाने मला त्याच्या अवजारांना हात लावू दिला नव्हता. संध्याकाळपर्यंत मी सात स्क्रू बसवले. अर्ज राहिला.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

आज हॉस्पिटलच्या कर्मचाऱ्यांना सर्दी-तापाची लस होती. चार टेबलं, प्रत्येकावर एक विद्यार्थिनी, मागे देखरेखीला बाई. तीन टेबलांपुढे रांगा, माझ्यापुढे मोकळी फरशी. मी पडल्याची गोष्ट शिपायापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना ठाऊक. एक वॉर्डबॉय चुकून माझ्याकडे वळला, माझं तोंड पाहून बुटाची नाडी बांधायला वाकला, आणि वाकूनच दुसऱ्या रांगेत गेला.

अर्धा तास झाला. बाई म्हणाल्या, "आज एक तरी द्यायला हवं हं."

तेवढ्यात जाऊबाई आल्या. चारही टेबलांकडे पाहिलं आणि सरळ माझ्यापुढे येऊन बसल्या. मी मनात म्हटलं, आलं संकट, आता चारचौघांत चुका काढणार.

"कर," म्हणाल्या.

दंड धरला तर गार पडलेला. वर पाहिलं तर ओठ पांढरे, नजर छताला, आणि त्या पुटपुटत ट्यूबलाइट मोजत होत्या. मी हळूच विचारलं, "तुम्हाला भीती वाटते?"

"तोंड बंद. हात चालव."

मला माझ्या भीतीची आठवणच राहिली नाही. मी त्यांची खुर्ची जराशी फिरवली, तोंड भिंतीकडे केलं, म्हणजे लोकांना दिसायला नको. "श्वास सोडा," म्हटलं. त्यांनी सोडला, मी सोडला, सुई गेली, आली.

"कधी करणार आहेस?" त्यांनी विचारलं.

"झालं."

त्या पाच मिनिटं तिथेच बसून राहिल्या. "रिअॅक्शन येते का ते बघतेय," असं मोठ्याने म्हणाल्या. खरं तर त्यांना उठवत नव्हतं. मी खिशातलं बिस्किट टेबलाखालून त्यांच्या हातात सरकवलं. उठताना त्यांनी दंड चोळला आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "हात हलका आहे."

त्यानंतर माझ्यापुढे अकरा जण आले. तो नाडीवाला वॉर्डबॉयही. नंतर बाई म्हणाल्या, जाऊबाईंना सगळ्यांसमोर लस घेताना सव्वीस वर्षांत पहिल्यांदा पाहिलं. दरवर्षी म्हणे दार लावून घेतात.

म्हणजे मला चुकताना पकडायला जाऊबाईंनी स्वतःचा नियमसुद्धा मोडला! पण पकडता आलं काही? नाही आलं.

४ नोव्हेंबर, सोमवार

वॉर्ड सुरू. पुरुषांचा हाडांचा वॉर्ड, बावीस खाटा. पहिल्याच तासाला चिमणीला बेडपॅन न्यायला सांगितलं तर ती पॅन हातात घेऊन रडायला लागली. मी म्हटलं, दे इकडे. सासूबाईंमुळे मला त्याचं काही वाटत नाही. नाकाने नव्हे, तोंडाने श्वास घ्यायचा आणि रोग्याशी बाजारभावावर बोलत राहायचं, त्याचीही लाज जाते. चिमणीने ते लिहून घेतलं. पुस्तकात नाही म्हणाली.

नऊ नंबरला एक निवृत्त तिकीट तपासनीस आहेत. एकटेच राहतात, दाराच्या चौकटीला धडकून पडले आणि मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालंय. स्वभाव असा की सगळा वॉर्ड त्यांना टरकून असतो. माझ्या बिल्ल्याकडे पाहून म्हणाले, "हे तिकीट पुढच्या वर्गाचं नाही. उतरा."

७ नोव्हेंबर, गुरुवार

या नऊ नंबरने माझं डोकं फिरवलंय. रोज ओरडतात, "सूप कुठंय? सगळ्यांना सूप, मलाच नाही!" आणि सूप त्यांच्या पुढ्यात, ताटाच्या डावीकडे, वाफाळतंय! मी म्हटलं, "साहेब, हे काय आहे मग?" तर मान वळवायचे कष्ट नाहीत. ताटातलं निम्मं खातात, निम्मं तसंच. तक्त्यावर पंधरा दिवस लिहिलेलं आहे, "अर्धं जेवण घेतलं, सहकार्य करत नाहीत."

आज स्वतःच दाढी केली. उजवा गाल चकचकीत, डावा जंगल. मी म्हटलं, अर्धी कुणासाठी ठेवली? म्हणाले, "पूर्ण केलीय. तुमचा चष्मा बदला." मी चष्मा लावत नाही.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

आज कडाक्याचं भांडण. मी खिडकीकडून जाऊन नमस्कार केला तर उत्तर नाही. पुन्हा केला, तरी नाही. जाऊबाईंनी एवढं केलं नसतं! संतापून खाटेला वळसा घालून दाराकडून गेले आणि म्हटलं, "माणसाने नमस्कार केला की बोलावं!" तर दचकून म्हणाले, "आत्ता तर आलीस, लगेच भांडतेस काय?"

जेवणाच्या वेळी पुन्हा तेच, अर्धं ताट. मला इतका राग आला की मी ताट गर्रकन फिरवलं. डावं उजवीकडे. ते ताटाकडे पाहून म्हणाले, "अरे वा, आज दुसऱ्यांदा वाढलं! सूपही आहे!" आणि सगळं संपवलं.

मी तणतणत बाईंकडे गेले. "बाई, त्या माणसाला समज द्या. तो डाव्या बाजूने उद्धट आहे."

बाई लिहीत होत्या. पेन थांबलं. "काय म्हणालात?"

"उजवीकडून गेलं की बोलतो. डावीकडून नमस्कारालाही उत्तर देत नाही. डावीकडचं सूप घेत नाही, डावी दाढी करत नाही."

बाईंचा पारा चढायच्या ऐवजी सर्रकन उतरला. चेहरा पांढरा. ताडकन उठल्या नि जवळजवळ धावत डॉक्टरांकडे गेल्या. मला वाटलं, तक्रार जरा जास्तच झाली.

१३ नोव्हेंबर, बुधवार

त्यांच्या मेंदूचा फोटो काढला. उजव्या बाजूला रक्त पोचायचं बंद झालं होतं, बहुधा पडायच्या आधीच. म्हणून तर चौकट दिसली नाही. डोळे ठीक आहेत, पण डावीकडचं जगच त्यांच्या मनाला पोचत नाही. सूप, गाल, मी, सगळं त्यांच्या लेखी नाहीच. औषधं सुरू झाली. डॉक्टर म्हणाले, उशीर झालाय, पण आणखी एक झटका आला असता तो आता टाळता येईल.

आणि मी त्या माणसाला उद्धट म्हणाले! आज उजव्या बाजूला स्टूल घेऊन बसले आणि माफी मागितली. ते म्हणाले, "सगळे म्हणायचे, मी मुद्दाम करतो. मलाही वाटायला लागलं होतं, करत असेन." आणि डोळे पुसले. फक्त उजवा पुसला. डावा मी पुसला.

२५ नोव्हेंबर, सोमवार

तोंडी परीक्षा. मी वाया घालवली.

मुलीने भाषण लिहून दिलं होतं, 'करुणा' शब्द तीनदा होता. आत प्राचार्या, एक डॉक्टर आणि थर्मामीटर बाई. प्राचार्यांनी विचारलं, "तुम्ही या व्यवसायात का आलात?"

माझी नजर भिंतीवरच्या घड्याळावर गेली नि भाषण उडालं. "एका नातेवाईक बाईंना दाखवून द्यायचं होतं," म्हणून मोकळी झाले.

डॉक्टरांना ठसका लागला. प्राचार्या म्हणाल्या, "मग दाखवून झालं का?"

"थोडंफार झालं."

"मग आता थांबायचं कारण काय?"

माझं घड्याळाकडेच लक्ष. "बाई, रागावू नका, पण मला साडेबाराला सोडाल का? नऊ नंबरचं ताट येतं. आज नवीन मुलगी आहे, ती फिरवायला विसरते, आणि ते स्वतः मागत नाहीत. शिवाय काल ते पहिल्यांदा स्वतःहून डावीकडे मान वळवत होते, तेव्हा शेजारी कुणीतरी हवं ना! भाषण मी नंतर येऊन म्हणते, लिहिलेलं आहे."

बाईंनी मान खाली घालून कागदावर काहीतरी लिहिलं. प्राचार्या म्हणाल्या, "जा तुम्ही."

गेले. ताट वेळेवर फिरवलं. पण करुणा एकदाही म्हणायची राहिली. घरी मुलगी डोक्याला हात लावून बसली आहे.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

पास! यादीत तिसरं नाव. चिमणी सतरावी. तिने मला उचलायचा प्रयत्न केला, आम्ही दोघी पडलो.

यादीच्या शेजारी पुढच्या नेमणुका लावल्या होत्या. माझ्या नावापुढे : सर्जिकल वॉर्ड. म्हणजे जाऊबाई. सहा महिने!

तशीच जिना चढून थर्मामीटर बाईंकडे गेले. "बाई, त्या माझ्या नात्यातल्या आहेत. बदलून मिळेल का?"

"मिळेल," त्या म्हणाल्या. "पण त्यांनी तुम्हाला मागून घेतलंय. बारा वर्षांत त्यांनी एकही विद्यार्थिनी मागितलेली नाही. देतो तीही परत पाठवतात."

बघा! छळायला हक्काचं माणूस हवं ना! मी म्हटलं, विचार करून सांगते. जिना उतरेपर्यंत विचार केला. मग पुन्हा चढून सांगितलं, "राहू दे."

फाटकापाशी जाऊबाई भेटल्या. अभिनंदन नाही, काही नाही. "सातची ड्यूटी म्हणजे पावणेसात. आणि वॉर्डात मला जाऊबाई म्हणायचं नाही."

"मग काय म्हणू?"

"सगळे म्हणतात ते. सिस्टर."

"बरं, सिस्टर," म्हटलं. त्यांनी एकदम दुसरीकडे पाहिलं, पदपथावर कुणी ओळखीचं दिसल्यासारखं. कुणी नव्हतं. मग म्हणाल्या, "सासूबाईंची पाठ कशी सांभाळलीस चार वर्षं, ते माझ्या मुलींना शिकव. त्यांना जमत नाही." आणि भरभर निघून गेल्या.

म्हणजे पगार त्यांना, शिकवायचं मी! बरी आहे की!

गणवेशाला दोनदा इस्त्री केली. यांना सांगितलं, सोमवारी पाचचा गजर लावा.

"साडेपाचचा पुरे होईल," हे म्हणाले. "दहा मिनिटांचा तर रस्ता."

म्हटलं, नाही पुरणार. त्या पोचायच्या आधी मला पोचायचंय.